पोरगी पोचेपर्यंत झाडू न्हाई

माझी पोरगी बाळापूरला शाळेच्या मैदानात कराटे शिकवती. मागल्या साली तिला मलेशियाला बोलावणं आलं, तिथल्या पोराईला धा दिवस शिकवायला. शिबिर म्हणत्यात त्याला. आमच्या घरातून हैदराबादच्या पुढं कुणी गेलं नव्हतं, अन् हैदराबादला बी दवाखान्यापायीच गेलो होतो.

निघायच्या सकाळी म्या तिच्या हातावर दही दिलं. ती दही चाटीत म्हणली, "आई, आता झाडू लपवून ठेवशील ना?"

"तू पोचलीस की झाडीन."

"मी काय वसमतला जाऊन राहिले का? दोन दिवस लागतेत. घराचा उकिरडा होईल."

"तू तुझा काळा पट्टा कधी धुतलास?"

ती हसली. कराट्याचा पट्टा धुवायचा नसतो म्हणे. धुतला तर शिकलेलं वाहून जातंय. पार सुतं निघाल्यात त्याची, तरी धूत न्हाई.

"ते निराळं हाय आई."

"मंग हे बी निराळं."

आमच्यात घरचं माणूस गावाला निघालं की ते पोचेपर्यंत घर झाडत न्हाईत. तिचा बाप हळद घेऊन वसमतच्या बाजाराला निघाला, तव्हा ती चार वर्षांची होती. हळदीचा फुफाटा लई झालता घरात. तो वळणावर दिसून राहिला होता अन् म्या झाडू घेतला. टेम्पो डोंगरकडा गावाच्या पुढं पलटला, तो घरी आलाच न्हाई. सासू एकदाच म्हणली, "त्याची पाठ वळली अन् तू झाडलंस." पुन्हा कधी म्हणली न्हाई. झाडण्यानं टेम्पो पलटत न्हाई, हे मला बी कळतंय. पण तव्हापासून म्या कुणी बाहेर असताना झाडू धरला न्हाई.

माझा फोन बटनाचा. पोरगीचं कार्ड तिकडं चालत न्हाई, म्हणून ती शेजारच्या सुनेच्या मोठ्या मोबाईलवर निरोप देणार होती. तसं ठरलं होतं. पण सुनेच्या भावाला लेकरू झालं, अन् ती मोबाईल घेऊन माहेरला गेली.

दोन दिवस गेले. हळदीचे दिवस, म्या घरातच हळकुंडं निवडून राहिले होते. साल अन् माती समदी खाली पडायची. पायाला पिवळं लागायचं. जेवताना तेवढी ताटापुरती जागा हातानं सारायची.

तिसऱ्या दिवशी शेजारीण आली, त्या सुनेची सासू. दारातच थांबली.

"काय वं बाई, घरात खळं केलंस का?"

"कंबर दुखून राहिली."

"अन् हळद निवडाया दुखत न्हाई व्हय?"

तिला म्हणता आलं असतं, सुनेला फोन लाव, पोरगी पोचली का विचार. तोंडापर्यंत आलं होतं. पण वसमतचा टेम्पो आला न्हाई तव्हा म्या असंच दारोदार विचारत फिरले होते. विचारलं की उत्तर येतंय. म्या हळद निवडत बसले. शेजारीण निघून गेली.

चौथा दिवस बी तसाच गेला. भाकरी एकच थापायची अन् तीच दोन्ही टायमाला. पोरगी असली की सकाळी अंगणात पाय आपटती, तोंडानं आवाज काढती, मी वैतागते. त्या दिवसांत अंगणात कोंबडी चालली तरी ऐकू यायचं.

पाचव्या दिवशी दुपारी शेजारची सून आली. पिशवी बी खाली ठेवली न्हाई.

"मावशी, ताईचा निरोप तर तिसऱ्या दिवशीच आला. मला वाटलं तिनं तुमाला फोन बी केला असंल. घर असं काहून झालंय?"

"दाव," म्या म्हणलं.

तिनं फोटो दावला. मोठा हॉल, पांढऱ्या कपड्यातली तिकडची माणसं, काही तर माझ्या वयाची, समदी वाकून उभी. म्होरं एकटी माझी पोरगी. ती बी वाकली होती. पट्ट्याची सुतं फोटोत बी दिसून राहिली होती.

"बोललेलं बी हाय," म्हणून सुनेनं बटन दाबलं.

पोरगीचा आवाज आला, "आई, पोचले. आता झाड घर."

"आणखी एकदा लाव," म्या म्हणलं. तिनं लावलं. मंग ती घरी गेली.

म्या झाडू काढला. कोपऱ्यातून सुरू केलं अन् दाराकडं आले. उंबऱ्यापाशी तिच्या बॅगीच्या चाकाच्या दोन रेघा होत्या, फुफाट्यात तशाच राहिलेल्या. पाच दिवस म्या त्या ओलांडूनच ये-जा केली होती.

त्या शेवटाला झाडल्या.