सायमनरावांची न मोजलेली माणसे

ज्या शहरात सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा प्रौढ पुरुष मोठ्या प्रयासाने जमतात, तिथे सायमनरावांनी ज्यू समाजाचे केंद्र एका खोलीवरून तीन खोल्यांपर्यंत का वाढवले, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहितो आहे. त्यांना जाऊन पाच आठवडे झाले. त्यांच्या पत्नी रिबेकावहिनींनी फोनवर बातमी दिली तेव्हा मी आधी चिडलो, हे कबूल केले पाहिजे. केंद्राच्या बाहेरगावच्या विश्वस्तांना पाठवायचा तक्ता त्यांनी अजूनही भरला नव्हता. तो गेल्याशिवाय केंद्र चालू ठेवायचे की जागा काढून घ्यायची, हे ठरणार नव्हते... आणि हा गृहस्थ तक्ता कोराच ठेवून निघून गेला.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत आम्ही एकाच इमारतीत राहत होतो. मी शाळेत गणित शिकवत असे, ते कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढत. त्यांचे घराणे कोकणातून आलेल्या बेने इस्राएल ज्यूंचे, घरात भाषा मराठीच. आरंभी शनिवारची प्रार्थना त्यांच्या बाहेरच्या खोलीत होई. पुढे विश्वस्तांनी पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट दिला आणि प्रार्थना, हिब्रू वाचनाचा वर्ग व स्वयंपाक यांसाठी एकेक खोली झाली. शेजारच्या क्लासमधल्या मुली अभ्यासाला जागा मागायला आल्या, तेव्हा सायमनरावांनी वर्गाची खोली त्यांनाही खुली केली. मी हरकत घेतली. ते म्हणाले, “मास्तर, दिवसभर ती खोली नुस्ती हवा खातीय.”

एकदा त्यांनी शेजाऱ्यांना मलिद्याला बोलावले. एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचे ताट मांडतात, तो मलिदा. प्रार्थनेला दहाजण झाले की नाही, हे पाहण्यासाठी मी शाळेतल्या सवयीने बोट दाखवत एक, दोन, तीन असे सुरू केले. सायमनरावांनी माझा हात धरला.

“मास्तर, बोट खाली! आमच्यात माणसं मोजत न्हाईत.”

“मग दहा झाले हे कळते कसे?”

त्यांनी सांगितले, दहा शब्दांचे एक वचन असते. प्रत्येक पुरुषाकडे पाहून एकेक शब्द म्हणायचा. शेवटचा शब्द म्हणून झाला की दहा पूर्ण.

“म्हणजे मोजलेच की!”

“व्हय. पण मोजलं न्हाय.”

खालच्या मजल्यावर दूध डेअरी चालवणारे मुरगूडचे तानाजीराव ताटाशेजारी बसले होते. ते हसत म्हणाले, “सायमनराव, तुमच्या देवानं शाळा काढली असती तर मास्तरांनी पहिल्याच दिवशी राजीनामा दिला असता बगा!”

विश्वस्तांच्या तक्त्यात ‘नियमित येणाऱ्यांची संख्या’ असा एक रकाना होता. तिथे सायमनरावांनी लिहिले, ‘येतात’. तक्ता परत आला. दुसऱ्यांदा त्यांनी लिहिले, ‘अजून येतात’. तोही परत आला, आणि तिसरा कोराच राहिला. मी हजेरीची वही ठेवायला सांगितली, तर शनिवार हा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस, त्या दिवशी लिहायचेही नसते असे उत्तर मिळाले. मोजायचे नाही, लिहायचे नाही, आणि केंद्र मात्र टिकवायचे! अशा विद्यार्थ्याला मी बाकावर उभे केले असते.

सातव्या दिवशी केंद्रात त्यांच्यासाठी प्रार्थना ठेवली होती. त्यांचा मुलगा डॅनियल एकेकाकडे पाहत वचन म्हणू लागला. नऊ शब्द झाले आणि तो थांबला. दाराजवळ बसलेले तानाजीराव उठले. “थांबू नगंस. मी हाय की!”

“काका, याला आमच्यातलाच लागतो,” डॅनियल हळू आवाजात म्हणाला.

“बरं. मग बसून ऱ्हातो. पर जात न्हाय.”

दिवंगतासाठी मुलाने म्हणायची प्रार्थना दहाजणांशिवाय म्हणता येत नाही. ती त्या दिवशी झाली नाही. एरवी सायमनराव सगळ्यांच्या मागे उभे राहत आणि शेवटचा शब्द त्यांच्या वाट्याला येई. इतकी वर्षे बेरीज त्यांच्यामुळे पुरी होत होती, आणि गणिताच्या शिक्षकाला ते दिसले नव्हते...

दोन आठवड्यांनी इचलकरंजीच्या एका कापड कारखान्यात नोकरीला आलेला एक ज्यू तरुण जिना चढून वर आला. कोल्हापुरात असे ठिकाण आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते. खाली लावलेली केंद्राची पाटी पाहून तो आला होता. डॅनियलने वचन पुन्हा म्हटले, शेवटच्या शब्दापर्यंत. राहिलेली प्रार्थना त्या शनिवारी झाली. तेव्हा आरंभीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की दहाजण जमल्यावर जागा बघू असे सायमनराव म्हणाले असते, तर त्या तरुणाला चढायला जिनाच नसता. एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडू नये, हे मी जन्मभर शिकवले आहे. म्हणून हा सिद्धान्त नव्हे.

विश्वस्त पुढच्या महिन्यात येणार आहेत. तक्त्याचा तो रकाना डॅनियलने अजून भरलेला नाही. मी आग्रह धरणे सोडले आहे. केंद्राचे दार वाऱ्याने लागू नये म्हणून सायमनरावांनी आपल्या जुन्या ड्रॉइंग बोर्डातून कापलेली पाचर अजूनही त्याच्या खाली असते. शनिवारी सकाळी कोणीही वर यावे, आणि मी लिहिले ते बरोबर आहे की नाही, हे कृपया स्वतः पडताळून पाहावे.