बाळूच्याच हातात बंद पडणारं मशीन

मंगळवारी मुलुंडला होतो... एका सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चालू आहे, तिथल्या खड्ड्यात. सावंतांनी सेकंड हँड पोकलेन घेतलाय, आणि घेतल्यापासून त्यांच्या डोक्याला ताप झालाय.

मशीन एकदम झकास चालतं. मधेच स्क्रीनवर ‘कम्युनिकेशन एरर’ येते, इंजिन खाली बसतं, बकेट जागच्या जागी थांबते. किल्ली बंद करून पुन्हा फिरवली की जणू काही झालंच नाही...

पण खरी गोम पुढे आहे. सकाळी मशीन सुधीर चालवतो, दुपारनंतर बाळू गायकवाड. सुधीरच्या हातात एकदाही एरर नाही. बाळूच्या हातात रोज!

सावंत कणकवलीचे, तोंडाने फटकळ. मी टूलबॉक्स खाली ठेवायच्या आतच त्यांनी सुरुवात केली. “मिस्त्री, सुधीरच्या हातात चलता, तुमच्या हातात पण चलतला. ह्याच्याच हातात बंद पडता तां कसां? मेलो मुद्दाम करता!”

उद्यापासून दुसरा ऑपरेटर येणार होता, तसं बोलणंही झालं होतं. आमच्या लाइनमध्ये ‘हा मशीन बंद पाडतो’ असं एकदा नाव झालं, की मुलुंडचा माणूस बोरिवलीलाही कामाला मिळत नाही. बाळू बाजूला उभा होता. एवढंच म्हणाला, “काका, तेच दांडे, तेच पेडल. मी काय वेगळं करतो, तुम्हीच सांगा ना.”

आता थोडं टेक्निकल, पण सोपं करून सांगतो. हल्लीच्या मशीनमध्ये इंजिनाचा, पंपाचा, स्क्रीनचा असे वेगवेगळे कंट्रोलर असतात. ते एकमेकांशी दोन पिळलेल्या वायरींवरून बोलतात, आणि त्या जोडीच्या दोन्ही टोकांना एकेक रेझिस्टर असतो.

बॅटरीची वायर काढून मीटर लावला, की साठ ओहम यायला पाहिजे. एकशेवीस आले तर समजायचं, वायर मधे कुठेतरी तुटली, पलीकडचं टोक मीटरला दिसतच नाही. हे मला कोणी शिकवलेलं नाही. भंगारातली हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, घरी आणून, वायर वायर उघडून शिकलोय... त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

आधी स्वतः चढून भरपूर वेळ मशीन चालवलं. काही नाही. मग बॅटरी काढून मीटर लावला... साठ. साठच्या आसपास नाही, साठ.

कनेक्टर हलवले, हार्नेस ओढून बघितली, कनेक्टर साफ करायचा स्प्रे मारला. तरी साठ. कोणीतरी सावंतांना सरळ कंट्रोलर बदलायला सांगितलं होतं. अंदाजाने पार्ट बदलणाऱ्यांचं आणि माझं कधी जमलं नाही, म्हणून कंट्रोलरला मी हात लावू दिला नाही.

पण खरं सांगतो, एक क्षण मनात आलंच... सावंत बरोबर तर नसतील?

मीटर तसाच लावून ठेवला आणि खाली उतरून पाणी प्यायलो. बाळूला म्हटलं, “जा रे, तू बस वर. तुझा हात कुठे कुठे जातो ते बघू दे मला.”

तो चढला. बसता बसता त्याने सीटखालचा खटका ओढला आणि सीट खाडकन मागे ढकलली. मी दारात उभा होतो, नजर मीटरवर... एकशेवीस!

“हलू नको!” मी एवढ्या जोरात ओरडलो की सावंत धावत आले.

बाळू सहा फुटाच्या वर आहे. सुधीर आणि मी, आम्ही दोघंही बुटकी माणसं. मी कुठल्याही मशीनवर चढलो की पहिल्यांदा सीट पुढे घेतो, सवयच आहे. म्हणजे जो फॉल्ट शोधायला आलो होतो, तो मीच दर वेळी सीटबरोबर पुढे ढकलून देत होतो...

सीट काढली. आधीच्या मालकाने दुसऱ्या कुठल्यातरी मशीनची सीट बसवलेली, तिचे बोल्ट लांब. सीट पूर्ण मागे गेली की एक बोल्ट खालच्या वायरींवर यायचा आणि आतून तुटलेली वायर फाकवायचा. पुढे घेतली की ती परत टेकायची.

तुकडा कापला, नवीन जोडी पिळून सोल्डर केली, वरून स्लीव्ह. बोल्ट आखूड टाकले, वायरिंग बाजूने नेऊन क्लॅम्प केलं. सीट मागे, साठ. सीट पुढे, साठ.

मग बाळूने पूर्ण दुपार मशीन चालवलं, सीट पार मागे घेऊन. सावंत खड्ड्याच्या काठावर हाताची घडी घालून उभे, स्क्रीनवर एक बारीकसा दिवाही नाही. संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. “उद्या येव नको रे. आमचो माणूस आसा.”

बाळूला सॉरी वगैरे काही म्हणाले नाहीत... फक्त विचारलं, “च्या घेतलंस काय रे?” बाळूने त्यांच्याकडे न बघताच मान हलवली आणि बकेट पुन्हा मातीत घातली. त्याचा राग अजून गेला नव्हता, आणि का जावा?

घरी येताना त्याचाच विचार करत होतो. सगळ्यांनी खोटं ठरवलं तरी तो पहिल्या दिवसापासून तेच सांगत होता, एक शब्द इकडचा तिकडे न करता. मी साठ ओहमवर विश्वास ठेवला, त्याच्यावर ठेवायला उशीर केला...

आता कुठल्याही मशीनवर गेलो की सीटला हात न लावता, चालवणाऱ्याने ठेवलीय तशी बसतो. पेडलला पाय पोचत नाहीत, लोक हसतात. हसू देत. थँक यू, बाळू.