कलम नऊ

"झाडूवालीची पोरगी आता आमाला करार शिकवणार व्हय?"

अण्णा हे माइकवर बोलले. चाकणच्या मंगल कार्यालयात, युनियनच्या सभेत. समोर तीन-चारशे कामगार. मी मधल्या रांगेत उभी, हातात कराराची झेरॉक्स. आधी पुढचे हसले. मग मागचे. माझ्या लाईनवरच्या बायाही हसल्या, ओढणी तोंडाला लावून.

हसण्याचं सोडा. माझी माय झाडायला होती हे त्या हॉलमध्ये एकाच माणसाला ठाऊक होतं. तो माणूस माइक धरून उभा होता.

अण्णा आमच्या युनियनचे अध्यक्ष. इथल्याच गावचे, जमिनी असलेल्या घरातले. कंपनी उभी आहे ती त्यांच्या भावकीच्या शिवारात. मी मराठवाड्यातली. माय तालुक्याच्या गावी नगरपालिकेत रस्ते झाडायची. तिची मायही तेच करायची. आमच्या वस्तीला दुसरं काम कुणी दिलंच नाही. मी बारावी करून इकडे आले, दिघीत खोली घेतली, गाड्यांच्या वायरी जुळवायच्या लाईनवर लागले. कुणी जात विचारली की मी विषय बदलायची.

अण्णा दर रविवारी कासारवाडीच्या ऑफिसात कामगारांचा वर्ग घ्यायचे. म्हणायचे, "पुढाऱ्यानं मरंस्तोवर शिकावं. शिकायचा थांबला की त्यो पुढारी न्हाई, नुसता दगुड." मी एकही रविवार चुकवला नाही. कायद्याचं पहिलं पुस्तक मला त्यांनीच दिलं. बाहेरून बी.ए. कर म्हणून मागे लागले. मला लेकी म्हणायचे. एकदा वर्ग सुटल्यावर त्यांनी विचारलं, "मागंच का बसती गं कायम?" मी सगळं सांगून टाकलं. मायचं, वस्तीचं, शाळेत वेगळं बसवायचे ते. अण्णांचे डोळे भरले. म्हणाले, "हितं कोन वर न्हाई, कोन खाली न्हाई." मला वाटलं, बाप मिळाला.

मग कंपनीचा नवा करार आला. सगळा इंग्रजीत. डिक्शनरी घेऊन मी तो दोन आठवडे वाचला. कलम नऊवर थांबले. नव्या मशिनी येणार, प्रत्येकाला कॉम्प्युटरवर परीक्षा द्यावी लागणार. दोनदा नापास झाला, की त्याला हाउसकीपिंगमध्ये टाकणार. म्हणजे झाडू. शिकवण्याबद्दल एक ओळ नव्हती. परीक्षा तेवढी होती.

मी सभेच्या आधी अण्णांच्या घरी गेले. त्यांना एकट्याला सांगावं, चारचौघांत नको. त्यांनी चष्मा लावला, कागद समोर धरला. बराच वेळ धरला. डोळे हलत नव्हते. मग कागद माझ्याकडे दिला. "तूच वाच लेकी. चष्मा नवा हाय."

मला कळलं. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं. इतकी वर्षं करारावर सह्या करणारा माणूस, एचआर जे तोंडी सांगेल त्यावर सही करत होता. मी ते कळल्याचं दाखवलं नाही. वाचून दाखवलं, मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "चांगलं काढलंस. सभेत तूच मांड."

म्हणून मी उभी राहिले होते. त्यांनी सांगितलं म्हणून.

मी कलम नऊ वाचलं. लोकांत चुळबुळ सुरू झाली. मागून एकानं ओरडून विचारलं, "अण्णा, खरं हाय का हे? तुमी वाचलं न्हवतं का?" अण्णांचा चेहरा उतरला. मग त्यांनी ते झाडूवालीचं वाक्य टाकलं. आणि पुढे म्हणाले, "सह्या झाल्यात कवाच. बस आता."

मी त्यांच्या घरी जाण्याआधीच सह्या झाल्या होत्या. मी वाचत होते तेव्हा त्यांना ते माहीत होतं.

मी त्यांची लाज झाकली. त्यांनी माझी माय चव्हाट्यावर आणली.

बाहेर टूलरूममधले शकीलभाई भेटले. जुने कामगार, भला माणूस. म्हणाले, "बेटा, तुझं खरं होतं. पण सभेत बोलायचं नव्हतं."

"मग कुठं बोलायचं, शकीलभाई?"

ते गाडीला किक मारत राहिले.

परीक्षा झाली. माझ्या लाईनवर सुमनताई होत्या. डोळे मिटूनही वायर बरोबर बसवायच्या. माउस मात्र जन्मात धरलेला नव्हता. दोनदा नापास झाल्या. सोमवारी त्या हाउसकीपिंगच्या निळ्या ड्रेसमध्ये आमच्याच मशिनीखालचा कचरा काढत होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या सभेत त्याही हसल्या होत्या.

त्याच आठवड्यात अण्णांचा फोन. "झालं गेलं सोड. चार लोकांत माझी माफी माग, कमिटीत घेतो तुला. शिकलेलं मानूस पायजेच मला."

"तुम्हाला शिकलेलं माणूस नको, अण्णा. वाचून दाखवणारं पायजे. गुपचूप."

फोन ठेवला. पहिल्यांदाच मला माझ्या मायची लाज वाटली नाही. तिनं आयुष्यभर न वाचता कशावर अंगठासुद्धा दिला नव्हता. आधी कुणाकडून तरी वाचून घ्यायची, दोनदा.

निवडणुकीत मी अण्णांच्या विरोधात अध्यक्षपदाला फॉर्म भरला. सूचक व्हायला कुणी तयार नव्हतं. शेवटी सुमनताईंनी सही केली, निळ्या ड्रेसमध्येच. मी पडले. चांगल्या भरपूर मतांनी पडले. अण्णांनी गुलाल उधळला.

आता रविवारी माझ्या खोलीत आम्ही अकरा जणी बसतो. करार ओळीओळीनं मराठीत लिहून काढतोय. जुन्या लॅपटॉपवर सुमनताई परीक्षेची तयारी करतात. एखादा शब्द मला अडतो. आधी मी थाप मारून पुढं जायची. परवा सगळ्यांसमोर म्हणाले, "हे मला येत नाही." अण्णांना हेच एक वाक्य कधी जमलं नाही, आणि त्यापायी बायांच्या हातात झाडू आला.

अण्णांना माफी नाही. पुढच्या निवडणुकीत मी पुन्हा उभी राहणार. त्याच्याही पुढच्या. ज्या दिवशी निवडून येईन, त्या दिवसापासून न वाचलेल्या कागदावर माझी सही नसेल. आणि चूक दाखवणाऱ्या बाईची जात मी कधी काढली, तिला गप्प केलं, तर मला त्याच सभेत खुर्चीवरून ओढून काढायचं. हे मी अकरा जणींना लिहून दिलंय, मराठीत, सहीनिशी.