गाळून टाकलेलं पाणी

माझं अक्षर किरटं आहे, ऱ्हस्व-दीर्घ कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. कुणी वाचलंच तर तेवढं सांभाळून घ्यावं. मोठ्या दिरांबद्दल जे लिहिणार आहे, त्याची मात्र माफी मागत नाही.

निजामाचं राज्य होतं. परंड्याजवळच्या तळ्यावर आम्हा भोयांचं पोट. तळ्यात मासा उरला नाही, तेव्हा दिरांनी कुर्डुवाडीहून, रेल्वेनं आलेली माशाची पिल्लं मडक्यांतून आणली. कुर्डुवाडी इंग्रजांच्या मुलखात. तिथं आमचा निजामी हाली रुपया चालेना. म्हणून माझ्या वडिलांकडून इंग्रजी कलदार रुपये उसने घेतले. कलदार हालीपेक्षा भारी, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं.

पिल्लं जिऱ्याच्या दाण्याएवढी. ती घरामागच्या हौदात सोडली. दिरांचा हुकूम असा, की पिण्याचं पाणी गाळतो तसं तळ्याचं पाणी दुहेरी धडप्यातून, म्हणजे जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून, गाळूनच हौदात ओतायचं. धडप्यावर राहिलेले वळवळते किडे मी बैलांच्या पाण्याच्या दगडी डोणीत झटकायची. पिल्लांना खायला चाळलेली पेंड आणि ज्वारीचं पीठ. पिल्लं खायची, पोटं पांढरी टम्म व्हायची आणि पीठ गेलं तसंच पांढऱ्या दोऱ्यासारखं बाहेर लोंबायचं. सकाळी मेलेली तरंगायची.

"भरल्या पोटानं मरत्यात," सासूबाई म्हणाल्या. "हिचीच नजर हाय. हौदापाशी हीच असती."

वडील भेटायला आले, तेव्हा दिरांनी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. "पाव्हणं, तुमच्या लेकीच्या पायगुणानं पिल्लं मेली. आता कशाचं देणं न् कशाचं घेणं?"

वडील खाली मान घालून परत गेले. त्या दिवशी मी दिरांचं ताट वाढलं, पण मनातून त्यांना वाढणं सोडलं ते कायमचं.

मरतुकडी, जेमतेम हलणारी पिल्लं उकिरड्यावर फेकायला दिरांनी मला सांगितलं. उकिरडा लांब होता, ऊन तापलेलं. मी ती डोणीत ओतली. चार-आठ दिवसांनी पाहते, तर ती किड्यांवर झडप घालत होती. अंग काचेसारखं, त्यातून आतडं दिसायचं, आता काळपट. विष्ठाही काळी. पोटात गेलेलं पचत होतं.

नवऱ्याला सांगितलं, त्यांनी दिरांना.

"बैलाच्या उष्ट्यात मासं वाढत्यात व्हय?" दीर हसले.

पण दुसऱ्या दिवसापासून धडपं डोणीऐवजी हौदात झटकू लागले, तेही स्वतः, कुणी बघत नाही असं बघून. हौदातल्या उरलेल्या पिल्लांनी तग धरला. किड्यांवर जरा मोठी झाल्यावर त्यांना पेंडही पचू लागली. मग ती तळ्यात सोडली.

पुढच्या वर्षी परंड्याच्या बाजारात मासा चांगला विकला. वडील पुन्हा आले. दिरांनी घोंगडीवर रुपये मोजले. दिले होते तेवढेच, पण हाली. वडिलांनी हात पुढं केला.

मी दाराआड होते. दिरांपुढं आजवर शब्द काढला नव्हता.

"कलदार दिले होते," मी म्हणाले.

"बघा, शेळीला कंठ फुटला," दीर म्हणाले. सासूबाई हसल्या.

"पोरगी बरोबर बोलती," वडील म्हणाले आणि हात मागं घेतला.

दिरांनी कमरेची पिशवी सोडली आणि वरचा फरक घोंगडीवर फेकला. एक रुपया घरंगळत बाजेखाली गेला. मी वाकून तो काढला आणि वडिलांच्या हातावर ठेवला. पैसे पुरते फिटले.