फोनले फोन

इंटरनेट नावाची गोष्ट जगात निघालीच नसती, तरी माझ्या बायकोच्या थोरल्या मामांचं काही अडलं नसतं. आसगावात धान पिकवणाऱ्या या माणसाने दंडारीच्या नाचगाण्याचे व्हिडिओ, लग्नपत्रिका, नव्या वासराचे फोटो, सगळं जिल्हाभर ब्लूटूथने हातोहात पोचवलं. ‘पाठवणे’ हा शब्दच त्यांना नामंजूर. “पाठवाले ते का मनिऑर्डर हाये? आना इकडं फोन,” म्हणत ते समोरच्याचा मोबाइल खाटेवर ठेवत आणि आपला त्याला चिकटवत. एवढं चिकटवावं लागत नाही, हे मी एकदा सांगून पाहिलं. “दुरून देल्लेलं पोचते, जवाईबापू, पन लागत नाही,” ते म्हणाले. जणू धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपंच, रोवत होते! फाइल जाईपर्यंत उठायची कुणाला परवानगी नसे. “बसा ना जी, अर्धंच गेलं हाये!” या एका वाक्यावर साकोलीच्या स्टँडवर एका गृहस्थांची बस डोळ्यांदेखत सुटली, मात्र तोवर त्यांच्या मुलीसाठी मामाजींनी स्थळ सुचवलेलं होतं.

मामाजींनी सगळ्यांत जास्त लोकांना वाटलं ते मामींचं रोवणीचं गाणं. मामी धानाच्या बांधीत वाकून गात होत्या आणि यांनी कडेच्या धुऱ्यावरून ते गुपचूप रेकॉर्ड केलं. “माझा आवाज गावभर कायले वाटता तुमी? लाज नाही वाटत?” मामी चिडायच्या. मामाजी निगरगट्ट. त्यांनी मलाही ते दिलं. मी साकोलीला घरी परतलो आणि फोनमध्ये जागा हवी म्हणून पुसून टाकलं.

गेल्या वर्षी मामाजींचा फोन बांधीतल्या चिखलात गेला, आणि महिन्याभरात मामींना लकवा मारला. वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, ओळखीची, त्यांनी स्वतः गायलेली गाणी ऐकवा, बोलणं परत येऊ शकतं. गावातल्यांनी तर फोनच बदललेले. मग मामाजी माझ्याकडे आले, नवा फोन टेबलावर ठेवून म्हणाले, “आना तुमचा.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं ते सांगून टाकलं. त्यांनी टेबलावरचा फोन उचलून खिशात घातला. मग म्हणाले, “जाऊ द्या. आपले पऱ्हे सडले तं मानूस दुसऱ्याले मागते. बपेऱ्याले चाला.”

बपेरा म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. तिथे त्यांच्या लेकीच्या सासूबाई राहतात. मोटारसायकलवर हाडं खिळखिळी करत पोचलो. सासूबाईंच्या फोनची काच फुटलेली, पण गाणं होतं! “तांदूळ निवडताना हेच तं वाजते माझ्या घरी,” त्या म्हणाल्या. दोन्ही फोन खाटेवर भिडले. एवढ्या वेळात घरादाराची खबर काढणारे मामाजी त्या दिवशी नुसते दोन्ही फोनांवर हात ठेवून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामींच्या कानाशी गाणं लावलं. त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या कडव्याला ओठ हलले. सूर नाही निघाला, पण शब्द निघाला, तुटका, रागातला. “गाव… भर…”

मामाजी हसता हसता रडायला लागले. “अवो, गावभर वाटलं म्हनून तं सापडलं!”

मामी आता थोडंथोडं बोलतात. गाणं मात्र अर्ध्यावरच थांबतं. परवा मामाजी तेवढंच नव्याने रेकॉर्ड करून मला द्यायला साकोलीला आले. दोन मिनिटांत ते माझ्या फोनमध्ये आलंसुद्धा. मामाजी चप्पल शोधू लागले. मी फोनवर हात ठेवला.

“बसा ना जी मामाजी,” मी म्हणालो, “अर्धंच आलं हाये.”