बाबांनी द्वारकेत विचारलेला प्रश्न

परवा नवेगावच्या बाजारात सुक्या मासळीचा वास आला आणि द्वारकेचा किनारा आठवला. मी तेव्हा बारा वर्षांची होते. गाईड सांगत होता की कृष्णाची मूळ नगरी समुद्रात बुडाली. सगळे यात्रेकरू हात जोडून ऐकत होते. बाबांनी मधेच विचारलं, “अन् लोकं कुठी गेले?”

गाईड नुसता हसला आणि पुढे निघाला. मला बाबांची लाज वाटली.

“बाबा, असं काऊन विचारता?”

“आमचा गाव धरणात गेला, बाई. मी तवा तुह्याएवढा होतो.”

हे त्यांनी घरी कधीच सांगितलं नव्हतं. मग ते गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. बस सुटेल म्हणून मी हाका मारत राहिले, तसे ते मुकाट्याने परत आले. आज मी बस थांबवली असती.