न मागता वाढलेली भाकरी

जन्मभर पोटभर जेवूनही 'वाढ' हा शब्द ज्याच्या तोंडून कधी निघाला नाही, असा माणूस साऱ्या पनवेलात एकच झाला आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता, हे मी छाती ठोकून सांगतो. आतोबा भातगिरणीवर इंजिन चालवत. चालवत कसले, पूजा करत! सकाळी आल्या आल्या इंजिनाचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरपासून तेलाच्या पंपापर्यंत जाणाऱ्या बोटभर जाडीच्या दांडीचा एकेक सांधा कोंबडीच्या पिसाने तेलात भिजवायचा, मग स्क्रूड्रायव्हर चालू इंजिनाला टेकवून त्याची मूठ दातांत धरायची आणि डोळे मिटून ऐकत राहायचं. तेवढ्यात कुणी रामराम घातला तर उत्तर "उं." देश स्वतंत्र झाला त्या सकाळीही, "मुंबईचा गव्हर्नर बदलला तर बदलू दे, माझा हाय तिथंच हाय," म्हणत ते कामाला गेले, असं आत्या सांगे.

मी शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा त्यांच्याकडेच जेवायला होतो, त्यामुळे रोज दांडीचा धडा मलाच. "मास्तर, भात पडला की इंजिन दमतं. दमलं की गव्हर्नरची फिरती वजनं मिटतात, दांडी सरकते, पंप जास्ती तेल सोडतो. भात सरला की वजनं फाकतात, दांडी मागं येते, तेल कमी. कोन मागत नाय, कोन इचारत नाय!" मी हसायचो. पण घरात तरी दुसरं काय होतं? आत्या चुलीपुढे पाठमोरी. उंबऱ्यापाशी वहाणा पडल्या की आवाजावरून तिला कळे. जड पडल्या तर अडीच भाकऱ्या, हलक्या पडल्या तर दीड. दोघांत शब्द नाही. ताटावर दोन्ही हात आडवे धरून ओरडणारा मी एकटा.

एकदा दांडी पंपाला जोडणारा खिळा निसटला. तेल आवर म्हणून सांगणारं कुणी उरलं नाही. पंपाच्या आतल्या स्प्रिंगने तो सताड उघडला आणि इंजिन सुसाटलं. जमीन थरथरली, हमाल रस्त्यापार झाले, मालक कोंड्याच्या ढिगात कमरेपर्यंत रुतले. आतोबांनी नेसतं धोतर फेडून हवेच्या नळीत कोंबलं. इंजिनाचा श्वास अडला, दोन आचके देऊन ते थांबलं. घरी आवाज ऐकून आत्या धावत आली.

"अवो, धोतर कुठं हाय?"

"इंजिन नेसलंय."

आत्याने एक रिकामं पोतं उचललं आणि भर गिरणीत त्यांच्या कमरेला गुंडाळलं. त्या दिवशी ताटात तीन भाकऱ्या पडल्या.

पुढे चार दिवसांच्या तापात आत्या गेली. तोवर माझं लग्न झालं होतं. आतोबा आमच्याकडे जेवू लागले. पहिल्याच दिवशी बायकोने विचारलं, "आतोबा, आणखी वाढू?" त्यांचा हात घासासकट थांबला. ते ताटाकडे बघत राहिले, मग तिच्याकडे. "मला काय ठाव?" म्हणाले. खरंच ठाऊक नव्हतं. आपल्याला किती लागतं ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

मग दुपारचे ते येईनासे झाले. मी गिरणीत गेलो, तर सकाळपासून उपाशी माणूस पीस घेऊन दांडीपाशी.

"आतोबा, दमला असाल. घरी चला."

"खिळा पडला की इंजिन बंद पडत नाय, मास्तर. धावत सुटतं."

मी हात धरून त्यांना घेऊन निघालो. घर आलं तसा चार पावलं पुढे जाऊन आत बसलो आणि कान देऊन वहाणांचा आवाज ऐकला. जड वाटला. बायकोला बोटांनी खूण केली: अडीच. तिने न विचारता वाढल्या.

दीड भाकरी झाली आणि त्यांचा घास मंदावला. आत्याचा अंदाज कधी चुकला नव्हता. माझा पुरता चुकला होता. आतोबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, पाण्याचा तांब्या जवळ ओढला आणि घोटाघोटाबरोबर ती उरलेली सगळी भाकरी संपवली.